मेंदूतला माळी बिथरतो तेव्हा...

मुलांनो, ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. आजी कपाळावर सरकवलेला चष्मा घरभर शोधू लागली, किंवा आजोबांनी नातवाला त्याच्या काकाच्या नावानं हाक मारली, की घरात कुणीतरी हसत हसत ही म्हण म्हणतंच. म्हणीचा अर्थ असा, की माणूस साठीला पोचला की त्याची बुद्धी पळून जाते! आता सांगा बरं, हे खरं आहे का?

चला, आकड्यांनाच विचारू या. आपल्या देशातल्या साठ वर्षांवरच्या माणसांचा एक मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात आढळलं, की दर शंभरांत साधारण सात जणांना (नेमकं सांगायचं तर ७.४ टक्के) स्मृतिभ्रंशाचा आजार असतो. म्हणजे उरलेल्या ब्याण्णव-त्र्याण्णव जणांना तो नसतो! गणिताच्या पेपरात अशी म्हण कुणी लिहिली, तर तिला शंभरापैकी सातच गुण मिळतील, नाही का?

पण त्या सात जणांचं काय? भारतभर मोजले तर अशी सुमारे ८८ लाख माणसं आहेत. त्यांचं विसरणं हा वयाचा दोष नव्हे, सोंग तर मुळीच नव्हे. तो मेंदूचा आजार आहे. चष्मा कुठं ठेवला हे विसरणं म्हणजे साधा विसराळूपणा. तो तर तुमच्या-माझ्यातही असतो! पण चष्म्याचं करायचं काय, हेच कळेनासं होणं, नेहमीच्या गल्लीत घर न सापडणं, मुलीला ‘तुम्ही कोण?’ असं विचारणं, हे आजाराचं लक्षण.

हा आजार होतो कसा? मेंदूत नेमकं काय बिघडतं? या प्रश्नाचा पाठलाग शास्त्रज्ञ शंभराहून अधिक वर्षं करताहेत. गंमत अशी, की गेल्या वीसेक वर्षांत त्यांना मेंदूतल्याच एका पहारेकऱ्याचा संशय येऊ लागला आहे. त्याचीच ही गोष्ट.

ऑगस्टबाईंची गोष्ट

१९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात ऑगस्ट डेटर नावाच्या एका बाईंना मनोरुग्णांच्या इस्पितळात आणलं गेलं. त्यांचं वय फक्त ५१ वर्षं. डॉक्टर आलोइस आल्झायमर यांनी त्यांना नवऱ्याचं नाव विचारलं, तर त्यांनी स्वतःचंच नाव सांगितलं. ताटात फ्लॉवर होता आणि त्या म्हणाल्या, पालक खाते आहे. डॉक्टर रोज त्यांच्याजवळ बसून काळजीपूर्वक टिपणं काढत.

१९०६ साली ऑगस्टबाई वारल्या. आल्झायमरांनी त्यांच्या मेंदूचे पातळ काप काढले, त्यांना रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बऱ्याच पेशी नाहीशा झालेल्या. पेशींच्या बाहेर कसला तरी चिकट थर ठिकठिकाणी साचलेला आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता! त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी ही हकीकत इतर डॉक्टरांपुढे मांडली. पुढं १९१० साली या आजाराला त्यांचंच नाव मिळालं, ‘आल्झायमरचा आजार’. स्मृतिभ्रंशाच्या अनेक प्रकारांत हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे.

आता साचलेला थर दिसला, गुंता दिसला. मग त्यांच्यामागंच सगळे शास्त्रज्ञ लागले. पण मेंदूत आणखीही कुणीतरी होतं. त्याच्याकडं फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. ते कोण हे समजायला आधी तुमच्या गुडघ्याकडं जावं लागेल.

गुडघा का सुजतो?

मैदानावर खेळताना धपकन पडलात, गुडघा खरचटला. थोड्या वेळानं काय दिसतं? गुडघा लाल होतो, हाताला गरम लागतो, सुजतो आणि ठणकतो. लाली, ऊब, सूज आणि ठणका. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं हीच चार लक्षणं लिहून ठेवली आहेत. याला आपण ‘दाह’ म्हणतो.

तुम्हांला वाटेल, दाह म्हणजे वाईटच. पण तसं नाही बरं का! जखमेतून जंतू आत शिरतात. त्यांच्याशी लढायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. त्यांना यायला वाट मिळावी म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या रुंद होतात. म्हणून लाली आणि ऊब. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, म्हणून सूज. म्हणजे दाह हे शरीराचं संरक्षण आहे. काम झालं की फौज परत जाते, खपली धरते आणि तुम्ही पुन्हा मैदानावर!

पण समजा, काम संपलं तरी फौज परत गेलीच नाही तर? तिथंच तळ ठोकून बसली आणि घरच्याच भिंती पाडू लागली तर? संधिवातात काहीसं असंच होतं. दाह वर्षानुवर्षं टिकतो आणि चांगले सांधे झिजतात.

आमच्या वर्गात हे सांगत असताना एका मुलीनं विचारलं, “बाई, मेंदूलाही सूज येते का?” फार छान प्रश्न! मेंदूतही दाह होतो. पण मेंदूच्या स्वतःच्या पेशीजाळ्यात वेदना कळवणारी यंत्रणा नसते. त्यामुळं मंद दाह आत वर्षानुवर्षं चालू राहिला, तरी गुडघ्यासारखा ठणकत नाही. मालकाला पत्ताच लागत नाही.

स्पेनमधला शोध

मेंदू म्हटला की आपल्याला चेतापेशी आठवतात. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८६ अब्ज असतात. एक चेतापेशी दुसरीला निरोप देते ती जागा म्हणजे ‘सायनॅप्स’. याला आपण ‘जोड’ म्हणू या. पाढे, सायकल चालवणं, आईचा आवाज ओळखणं, हे सगळं या असंख्य जोडांच्या जाळ्यात साठवलेलं असतं. जोड तुटले की निरोप अडले. निरोप अडले की आठवण हरवली.

पण मेंदूत चेतापेशींखेरीज आणखीही पेशी असतात. एकोणिसाव्या शतकात त्यांना ‘ग्लिया’ असं नाव मिळालं. ग्लिया म्हणजे ग्रीक भाषेत गोंद! चेतापेशी एकत्र चिकटवून ठेवणं एवढंच त्यांचं काम, असं लोकांना वाटे. म्हणजे पाहुणे चेतापेशी आणि ग्लिया म्हणजे नुसती सतरंजी.

स्पेनमध्ये सांतियागो रामोन इ काहाल नावाचे थोर शास्त्रज्ञ होते. चेतापेशींच्या अभ्यासासाठी त्यांना १९०६ साली नोबेल पारितोषिक मिळालं होतं. त्यांच्याच पठडीतले एक शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ओर्तेगा. मेंदूच्या कापांना रंग देण्याची एक नवी रीत त्यांनी चांदीच्या क्षारापासून तयार केली. १९१९ साली त्या रीतीनं त्यांना इवल्याशा, फांद्या फुटलेल्या पेशी स्पष्ट दिसल्या. त्यांनी नाव दिलं ‘मायक्रोग्लिया’. मायक्रो म्हणजे लहान. इजा झाली की या पेशी आपल्या फांद्या आत ओढून घेतात, गोलमटोल होतात आणि कचरा गिळतात, हेही त्यांनी ओळखलं. मेंदूबाहेरून येऊन इथं स्थायिक झालेल्या या पेशी असाव्यात, असा त्यांचा अंदाज होता.

पुढं १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. ओर्तेगांना देश सोडावा लागला. पॅरिस, ऑक्सफर्ड असं करत ते दक्षिण अमेरिकेतल्या ब्वेनोस आयरेस शहरी पोचले आणि १९४५ साली तिथंच वारले. त्यांचा अंदाज मात्र खरा निघाला. २०१० साली उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं, की गर्भ अगदी चिमुकला असतानाच गर्भाशेजारच्या एका पिशवीत या पेशींचे पूर्वज तयार होतात आणि तिथून प्रवास करत मेंदूत येऊन कायमच्या राहतात.

न झोपणारा पहारेकरी

बराच काळ समजूत अशी होती, की इजा झाली तरच मायक्रोग्लिया जाग्या होतात, एरवी झोपून असतात. २००५ साली ही समजूत पार कोलमडली. जर्मनीत शास्त्रज्ञांनी असे उंदीर घेतले, ज्यांच्या मायक्रोग्लिया हिरव्या चमकतात. कवटीचं हाड घासून पातळ केलं आणि एका खास सूक्ष्मदर्शकानं जिवंत मेंदूत डोकावून पाहिलं. काय दिसलं असेल? पेशी जागच्या जागी, पण त्यांच्या फांद्या सारख्या हलताहेत! पुढं जाताहेत, चाचपताहेत, मागं येताहेत. काही तासांत सगळ्या मेंदूची गस्त पुरी होईल इतक्या वेगानं!

रात्री शिट्टी वाजवत, काठी आपटत फिरणारा गुरखा आठवा. तो झोपलेला नसतो. कुठं कुलूप तुटलंय का, कुठं दिवा गेलाय का, हे बघत असतो. मायक्रोग्लिया हा आपल्या मेंदूतला गुरखा. पण त्याला आणखी एक काम येतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते शोधलं एका बाईंनी.

प्रश्न विचारणाऱ्या बेथबाई

बेथ स्टीव्हन्स यांचा जन्म १९७० साली अमेरिकेतल्या ब्रॉकटन गावी झाला. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. (आम्हां शिक्षिकांना हे वाचून आनंद होणारच!) डॉक्टर व्हावं असा त्यांचा विचार होता. पण प्रयोगशाळेतल्या कामाची त्यांना गोडी लागली. पदवीनंतर लगेच मनासारखी नोकरी मिळाली नाही, तेव्हा त्यांनी हॉटेलात वाढपी म्हणून काम केलं आणि प्रयोगशाळेच्या नोकरीसाठी प्रयत्न चालू ठेवले. पुढं डॉक्टरेट मिळवून त्या स्टॅनफर्ड विद्यापीठात बेन बॅरस यांच्याकडं आल्या. बॅरस यांनी आपलं सारं आयुष्य त्या ‘सतरंजी’ समजल्या जाणाऱ्या ग्लिया पेशींच्या अभ्यासाला दिलं होतं.

तिथं त्यांनी एक जुनंच कोडं हाती घेतलं. बाळाच्या मेंदूत जोड गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात. मग मोठं होता होता त्यांतले नको असलेले कमी होतात. द्राक्षाची बाग पाहिली आहे ना तुम्ही? बागाईतदार वर्षातून दोनदा, एप्रिलात आणि ऑक्टोबरात, वेलींची छाटणी करतात. छाटलं नाही तर नुसता पाला माजतो, घड लागत नाहीत. मेंदूचंही तसंच! जे जोड वापरात असतात ते टिकतात, जे फारसे वापरले जात नाहीत ते छाटले जातात. कोडं असं होतं, की छाटतं कोण? आणि कुठली फांदी छाटायची हे त्याला समजतं कसं?

२००७ साली स्टीव्हन्स आणि बॅरस यांनी कोड्याचा अर्धा भाग सोडवला. आपल्या रक्तात ‘सी-वन-क्यू’ नावाचं एक प्रथिन असतं. ते जंतूंना चिकटतं. मग पांढऱ्या पेशी ती खूण ओळखून जंतू गिळतात. जंगलात तोडायच्या झाडावर आधी खूण करून ठेवतात ना, अगदी तसंच! हेच खुणेचं प्रथिन उंदराच्या पिल्लाच्या मेंदूतल्या जोडांवर चिकटलेलं आढळलं. ज्या पिल्लांत हे प्रथिन मुळातच नव्हतं, त्यांच्या मेंदूत छाटणी नीट झालीच नाही. नको असलेले जोड तसेच राहिले.

कोड्याचा उरलेला भाग २०१२ साली सुटला. तोवर स्टीव्हन्स यांनी बॉस्टनमधल्या मुलांच्या इस्पितळात स्वतःची प्रयोगशाळा थाटली होती. डोरोथी शेफर आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी उंदराच्या पिल्लांच्या डोळ्यांतून मेंदूकडं जाणारे चेतातंतू रंगीत केले. एका डोळ्याचे एका रंगाचे, दुसऱ्याचे दुसऱ्या रंगाचे. मग मेंदूतल्या मायक्रोग्लिया तपासल्या. त्यांच्या पोटात दोन्ही रंगांचे कण! चोराच्या मिशीला लोणी लागलेलं सापडावं तसं झालं. छाटणारा माळी सापडला होता. आपला गुरखाच माळीही होता!

यात चोरी मात्र नव्हती. लहानपणीची ही छाटणी गरजेची असते. तुमच्या मेंदूतही ती या क्षणी चालू आहे. काय ठेवायचं आणि काय छाटायचं हे बऱ्याच अंशी वापरावर ठरतं. म्हणून तर आम्ही शिक्षक सारखे मागं लागतो, ‘रोज थोडा सराव करा!’

बंबानं आग लावली का?

आता आपण पुन्हा आजाराकडं वळू या. आजारी मेंदूत मायक्रोग्लिया फुगलेल्या, चवताळलेल्या दिसतात, हे डॉक्टरांना बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. १९८८ साली कॅनडात पॅट्रिक मॅकगीर यांच्या चमूनं कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूत त्या दाखवल्या होत्या. आल्झायमरमध्ये साचलेल्या थराभोवतीही त्या गर्दी करून असतात.

पण बहुतेकांचं म्हणणं असं, की त्यात नवल ते काय? आग लागली की बंब येणारच. बंब दिसला म्हणून आग बंबानंच लावली, असं कुणी म्हणतं का? मुलांनो, हा मुद्दा नीट लक्षात ठेवा. दोन गोष्टी एकत्र दिसल्या, म्हणजे एकीमुळं दुसरी झाली असं सिद्ध होत नाही. मग सिद्ध करायचं कसं? एकच मार्ग. बंबाला अडवून बघायचं. आग तरीही पसरली तर बंब निर्दोष. पसरायची थांबली, तर दाल में कुछ काला है!

स्टीव्हन्स यांच्या मनात वेगळाच विचार घोळत होता. लहानपणी छाटणी करणारा माळी म्हातारपणी पुन्हा कात्री घेऊन निघाला तर? आल्झायमरमध्ये जोड तर खूप आधीपासून नाहीसे होऊ लागतात. आठवण किती गेली याचा ताळा साचलेल्या थरापेक्षा हरवलेल्या जोडांशीच जास्त जुळतो. त्यांत २०१३ साली स्टॅनफर्डमधूनच आणखी एक बातमी आली. नेहमीच्या म्हातारपणातही मेंदूतलं सी-वन-क्यू वाढत जातं. उंदरांत तर काही ठिकाणी ३०० पटींपर्यंत! म्हणजे खुणा करायचं सामान हाताशी तयार.

२०१६ साली सोयॉन हाँग, स्टीव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंब अडवून पाहिला. आल्झायमरसारखा आजार होईल असे उंदीर त्यांनी घेतले. अजून चिकट थर साचलेला नव्हता, तोवरच त्यांच्या मेंदूत जोडांवर खुणा वाढल्या होत्या, मायक्रोग्लिया जोड गिळत होत्या आणि जोड कमी होत होते. मग शास्त्रज्ञांनी खुणेचं काम बंद पाडलं. काय झालं? जोड वाचले!

म्हणजे निदान उंदरांत तरी माळी फक्त साक्षीदार नव्हता. चुकीच्या खुणा पाहून तो चांगल्याच फांद्या छाटत होता.

पुढच्याच वर्षी, २०१७ साली, शेन लिडेलो आणि बेन बॅरस यांनी आणखी एक धागा जोडला. चवताळलेल्या मायक्रोग्लिया तीन प्रथिनं बाहेर सोडतात आणि त्यांमुळं शेजारच्या ‘ॲस्ट्रोसाइट’ पेशी बिघडतात. या ॲस्ट्रोसाइट एरवी चेतापेशींची देखभाल करणाऱ्या. पण बिघडल्या की देखभाल सोडतात, उलट चेतापेशींना मारक ठरतात. एका माळ्याचं बिनसलं आणि त्यानं सगळ्या गड्यांना बिथरवलं, असं म्हणा ना! आल्झायमर, कंपवात अशा आजारांनी वारलेल्या माणसांच्या मेंदूतही या बिघडलेल्या पेशी त्यांना आढळल्या. बॅरस हे काम करत असतानाच कर्करोगानं आजारी होते. २०१७ च्या डिसेंबरात त्यांचं निधन झालं.

मग औषध का नाही?

तुम्ही म्हणाल, बाई, एवढं कळलंय तर माळ्याची कात्रीच काढून घ्या ना! इथंच तर खरी अडचण आहे. तोच माळी पहारेकरीही आहे. तोच सफाई करतो. त्याला सरसकट बांधून ठेवलं तर कचरा कोण उचलणार? जंतू आले तर लढणार कोण?

याचा एक पुरावा माणसांतच मिळाला. ‘ट्रेम-२’ नावाचं एक जनुक आहे. मेंदूत ते मुख्यतः मायक्रोग्लियांत काम करतं आणि त्यांना कामाला लावतं. या जनुकात विशिष्ट बिघाड असलेल्या माणसांना आल्झायमर होण्याचा धोका बराच जास्त असतो, असं २०१२-१३ च्या सुमारास दिसून आलं. म्हणजे माळी बिथरला तरी नुकसान आणि माळी सुस्तावला तरी नुकसान!

दाह कमी करणाऱ्या साध्या गोळ्यांचाही प्रयोग झाला. २००१ साली अमेरिकेत वयस्कर माणसांना अशा गोळ्या देऊन पाहायला सुरुवात झाली. या गोळ्यांचे हृदयावर वाईट परिणाम होतील अशी शंका आल्यामुळं २००४ साली त्या देणं थांबवलं गेलं आणि त्यांनी स्मृतिभ्रंश टळतो असंही काही दिसलं नाही. तेव्हा आजी-आजोबांना कुणी ‘मेंदूचा दाह घालवायला ही गोळी घ्या’ असं सांगितलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ऐकू नका.

२०२३ साली अमेरिकेत ‘लेकॅनेमॅब’ या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. ते चिकट थर कमी करतं. आजार अगदी सुरुवातीला असेल तर त्याची चाल थोडी मंदावते. पण गेलेली आठवण परत येत नाही आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोकाही असतो. आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून सापडलेलं नाही. उंदरांत जे जमलं ते माणसांत जमेलच असंही नाही. म्हणून शास्त्रज्ञ आता माळ्याला बांधण्यापेक्षा शिकवायच्या मागं आहेत. चांगली फांदी सोड, कचरा तेवढा उचल! हे कसं साधायचं, ते कदाचित आज पाचवी-सहावीत असलेलं कुणीतरी शोधून काढील. कोण जाणे, ते तुम्हीच असाल!

आपण काय करायचं?

औषध नसलं तरी हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांनी स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या अशा १४ गोष्टी सांगितल्या, ज्यांवर काहीतरी इलाज करता येतो. सगळ्यांवर इलाज झाला, तर जगातले जवळजवळ ४५ टक्के रोगी टळू शकतील किंवा आजार लांबवता येईल, असा त्यांचा हिशेब आहे. त्या यादीत कमी शिक्षण, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, व्यायामाचा अभाव, डोक्याला मार, बहिरेपणा, अधू दृष्टी, हवेचं प्रदूषण आणि एकटेपणा यांचा समावेश आहे.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. यातल्या कितीतरी गोष्टींत तुम्ही मदत करू शकता. आजोबांना नीट ऐकू येत नसेल तर ‘आजोबा, कान तपासून घेऊ या’ म्हणा. आजीला चष्म्याचा नंबर बदलून घ्यायला न्या. संध्याकाळी दोघांबरोबर देवळापर्यंत चालत जा. बाबांना गाडीवर शिरस्त्राण घालायची आठवण करा. आणि सगळ्यांत सोपं म्हणजे त्यांच्याजवळ बसा. त्यांच्या लहानपणी शाळा कशी होती, बाजारात काय भावानं काय मिळे, ते विचारा. एकटेपणाही त्या यादीत आहे, विसरू नका.

घरात किंवा शेजारी कुणाला हा आजार झालाच असेल, तर तेच तेच विचारणाऱ्या माणसावर ओरडू नका. ‘मघाशीच सांगितलं ना!’ असं म्हणून काय उपयोग? त्यांच्या लेखी ते मघाशी घडलेलंच नसतं. दहाव्यांदा विचारलं तर दहाव्यांदा शांतपणे सांगा. त्यांनी तुम्हांला चुकीच्या नावानं हाक मारली तरी ओ द्या. ‘मी कोण, ओळखा पाहू!’ अशी परीक्षा घेऊ नका. त्याऐवजी ‘आजी, मी तुझी नात सुमी’ असं आपणच सांगून टाका. भिंतीवर मोठ्या अक्षरांत आजचा वार आणि तारीख लिहा. संडासाच्या, न्हाणीघराच्या दारावर चित्र लावा. एकट्यानं बाहेर पडून चुकण्याची भीती असेल, तर खिशात घरचा पत्ता आणि फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवा. हे काम तर तुमच्या सुवाच्य अक्षराचंच!

पालकांसाठी दोन शब्द

वडीलधाऱ्यांचं विसरणं वाढत चाललं, पैशांचा हिशेब जमेनासा झाला, स्वभाव एकाएकी बदलला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, मनाची उदासी अशा कारणांनीही आठवण मंदावते. त्यांवर उपचार आहेत आणि वेळेवर केले तर पुष्कळ फरक पडतो. रक्ताची साधी तपासणी लांबणीवर टाकू नका.

रोग्याची सेवा करणारं माणूस घरात बहुधा एकच असतं. आई, काकू किंवा सून. त्या माणसालाही आठवड्यातून काही तास सुट्टी हवी असते. मुलांना कामाची वाटणी करून द्या. मुलं ती आनंदानं घेतात, असा आम्हां शिक्षकांचा अनुभव आहे.

आणि मुलांनो, पुढच्या वेळी घरात कुणी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणालं, तर भांडू नका हं! त्यांना फक्त त्या ७.४ टक्क्यांचा हिशेब सांगा आणि मेंदूतल्या माळ्याची ही गोष्ट ऐकवा.